खिडकीखाली बसलेली आई

मुलीच्या गुडघ्यावरची खपली मला तिला आंघोळ घालताना दिसली. ताजी नव्हती. कडेनं औषधाचा पिवळा डाग होता आणि मधोमध मोज्याचा पांढरा धागा अडकून वाळला होता. ‘कधी पडलीस?’ ‘परवा.’ ‘मग सांगितलीस का नाहीस?’ तांब्यातलं पाणी पायावर ओतून घेत ती म्हणाली, ‘टीचरनी औषध लावल्या की.’ आणि साबण कुठाय म्हणून विचारायला लागली.

जखम किरकोळ होती, ती कधीच बरी झाली. मला खुपलं ते वेगळंच. परवा संध्याकाळी ती रिक्षातून उतरली, मी तिला पोहे दिले, पोहे खाता खाता तिनं मला कुणाच्या डब्यात काय होतं, कोण कुणाशी बोलत नाही, रिक्षामामांनी कुठल्या वळणावर कुणाला शिव्या दिल्या, सगळं सगळं सांगितलं होतं. पडल्याचं तेवढं नाही. विसरली म्हणावं तर विसरण्यासारखं ते नव्हतं, गुडघा चांगलाच सोलवटला होता. लपवलं म्हणावं तर विचारल्यावर लगेच सांगितलं. तिच्या लेखी तो विषय शाळेतच मिटला होता. कुणीतरी मोठं माणूस खाली वाकलं, फुंकर घातली, औषध लावलं, झालं. त्यात घरच्या आईचं काही काम उरलं नव्हतं.

हे ‘कुणीतरी मोठं माणूस’ बरीच वर्षं मी होते.

कर्नाटकात, खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या पुढच्या एका गावात, सरकारी मराठी शाळेत, अतिथी शिक्षिका. म्हणजे शाळा चालू तेवढ्या महिन्यांचं मानधन, तेही दोन-तीन महिन्यांचं एकदम, आणि दर जूनमध्ये पुन्हा अर्ज. बेळगावच्या वडगावातून निघायचं, चोर्ल्याकडं जाणारी बस धरायची, पिरनवाडी, किणये, मग कुसमळीचा पूल. पावसाळ्यात त्या पुलाखालून मलप्रभा लालभडक वाहायची आणि बसमधली सगळी माणसं, रोज बघणारीसुद्धा, एकदा मान वळवून पाणी किती चढलंय ते बघायची. काचा बंद, आत ओल्या छत्र्यांचा आणि घोंगड्यांचा वास, कंडक्टर कन्नडमध्ये ओरडणार, बायका मराठीत उत्तर देणार, आणि दोघांचंही बरोबर चालणार. उतरल्यावर चिखलातून थोडं चालायचं. साडी गुडघ्याशी धरून चालायची सवय तेव्हाच लागली, ती अजून गेली नाही. पावसात खडेबाजारातसुद्धा हात आपोआप निऱ्यांकडं जातो.

लहान मुलांचा वर्ग माझ्याकडं. पहिली ते तिसरी एकत्र, नली-कलीचा, म्हणजे खेळत-आनंदानं शिकायच्या सरकारी पद्धतीचा. ज्यांनी तो वर्ग बघितलेला नाही त्यांना एवढंच सांगते की तिथं फळा भिंतीच्या वरच्या भागात नसतो. जमिनीपासून मुलांच्या उंचीपर्यंत भिंतीला गोल फिरून काळा पट्टा मारलेला असतो आणि त्यातला हातभर तुकडा एकेका मुलाचा. दिवसभर मुलं भिंतीकडं तोंड करून आपापल्या तुकड्यावर लिहीत असतात, बाई मागून फिरत असतात. खडूची सगळी धूळ खालच्या अंगाला. माझ्या सगळ्या साड्यांचे काठ एका बाजूनं पांढुरके झाले होते. वर दोऱ्या ताणून त्यांना मुलांनी कापलेले कागदी मासे, पानं, टोप्या टांगलेल्या. आषाढात कागद ओलावला की एखादा मासा वाचन चालू असताना टपकन कुणाच्या तरी डोक्यावर पडायचा आणि मग वाचन संपलंच म्हणून समजायचं.

त्या खोलीत घडलेलं आणि घरी न पोचलेलं किती होतं, याचा हिशेब मी तेव्हा कधी केला नाही. तो आता करते आहे. एक दुधाचंच घ्या. २०१३ च्या ऑगस्टमध्ये क्षीरभाग्य, म्हणजे शाळेत मुलांना दूध द्यायची सरकारी योजना, सुरू झालं. सकाळी प्रार्थना आणि नाडगीत, म्हणजे कर्नाटकाचं राज्यगीत, झालं की पातेल्यात पावडरीचं दूध उकळायचं, प्रत्येकाला १५० मिली. बहुतेक पोरं आवडीनं प्यायची, काही दोनदा मागायची. पण गवळीवाड्यावरून येणारी तीन-चार मुलं, जी घरी म्हशीच्या धारेखाली तोंड धरून वाढलेली, त्यांना ते गळ्याखाली उतरेना. ती पेला घेऊन हळूच शाळेमागच्या आंब्याकडं जायची. मला माहीत होतं. स्वयंपाकाच्या मावशींना माहीत होतं. आंब्याखाली झोपणारं कुत्रं वर्षभरात असं गोल झालं की गावातल्या लोकांनाही शंका यायला हवी होती. पण त्यांच्या घरी मी कधी सांगितलं नाही, आणि मुलांना ठाऊक होतं की बाई सांगणार नाहीत. हे चूक की बरोबर, माहीत नाही. एवढं खरं की वर्गात त्या मुलांशी माझं जे जमलं त्यात त्या कुत्र्याचा वाटा होता.

जुलैत रोप लावण सुरू झाली की पट निम्म्यावर यायचा, आणि जी मुलं यायची ती एकटी येत नसत. आई चिखलात, आजी बांधावर, मग धाकट्याला कोण बघणार? तिसरीतली पोरगी कडेवर दोन वर्षांचा भाऊ घेऊन दारात उभी राहायची आणि काही न बोलता माझ्या तोंडाकडं बघायची. मी मानेनं आत ये म्हणायची. कोपऱ्यात पोतं अंथरलेलं असायचं. त्यावर कधी एक, कधी तीन अशी बिनहजेरीची मंडळी. खडू खायची, एकमेकांचे केस ओढायची, झोपायची. एकदा तालुक्याहून साहेब आले. त्यांनी कोपऱ्याकडं बघितलं, पुन्हा हजेरीपत्रकाकडं बघितलं, आणि काही न विचारता दुसऱ्या खोलीत गेले. माझ्या मते खात्यातल्या शहाण्या माणसाचं ते लक्षण.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्याच एका मुलाबद्दल. पहिलीत आला तेव्हा महिनाभर तो बोलला नाही. नंतर बोलायला लागला तो थांबेचना. अस्वल रात्री फणसावर कसं चढतं, वडील बॅटरी कशी मारतात, रानात कुठल्या वासावरून गवा जवळ आहे ते कळतं. वर्गातली बाकीची पोरंही रानातलीच, त्यांना यात नवं काहीच नव्हतं, पण तो सांगायचा असा की सगळी ऐकत बसायची. त्याची आई एकदा राशनला गावात आली होती, ती जाता जाता शाळेत डोकावली. मी तिला कौतुकानं म्हटलं, तुमचा मुलगा फार छान बोलतो. ती माझ्याकडं बघतच राहिली. ‘बोलतोय? काय बोलतोय तर? घरात त्येच्या तोंडात जीभ हाय का न्हाई, कळत न्हाई आमाला.’

मग तिनं जे केलं ते मी विसरलेले नाही. पिशवी व्हरांड्यात ठेवली आणि वर्गाच्या खिडकीखाली भिंतीला टेकून खाली बसली. आतून दिसू नये म्हणून डोकं खाली घेऊन. तिला आपल्या पोराचं बोलणं ऐकायचं होतं. मलाही वाटलं, ऐकू दे बिचारीला. मी मुद्दाम त्याला गोष्ट सांगायला उभं केलं. तो उभा राहिला. खिडकीकडं बघितलं नाही, दाराकडंही नाही. पण त्याला कळलं होतं. कसं कोण जाणे. पदराचा वास आला असेल, बांगडी वाजली असेल, गव्याच्या वासानं सावध होणारं ते पोर. तो खाली बसला आणि सुट्टी होईपर्यंत एक अक्षर बोलला नाही. आई अर्धा-पाऊण तास बसली असेल. मग उठली, पिशवी घेतली, मला खिडकीतून हातानंच ‘राहू दे’ अशी खूण केली आणि पाऊस यायच्या आत गाठायचं म्हणून भराभरा निघून गेली. दुसऱ्या दिवशी अस्वल पुन्हा फणसावर.

त्या वेळी मला मुलाचं आश्चर्य वाटलं होतं. आईकडं माझं लक्षच गेलं नव्हतं. तेव्हा माझी मुलगी झालेली नव्हती.

पुढं २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि ऑगस्टपासून विद्यागम, म्हणजे शिक्षकांनीच मुलांपर्यंत जाऊन शिकवायचं, सुरू झालं, तेव्हा हेच चित्र सगळ्या गावाचं झालं. शाळेत यायचं नाही म्हणून आम्हीच देवळात, कुणाच्या पडवीत, झाडाखाली जाऊन बसायचो. मानधन मिळणार की नाही ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण सरांनी बोलावलं म्हणून मीही जायची. देवळाच्या मंडपात पोरं अंतर ठेवून बसवलेली, आणि चारी बाजूंनी आया. कुणी पाणी भरायला जाताना थांबलेली, कुणी भात निवडायला सूप घेऊन तिथंच बसलेली. मी प्रश्न विचारला की मूल माझ्याकडं न बघता आधी आईकडं बघायचं. आई तिथूनच ओठ हलवून उत्तर पुरवायची, चुकलं की कपाळावर हात मारायची. माझीच पोरं, माझीच पुस्तकं, पण वर्ग काही जमेना. चुकायची सोय राहिली नव्हती. चुकलं तर ते जेवताना निघणार, आजोळी निघणार, लग्नापर्यंत निघणार. ऑक्टोबरात सरकारनं ते बंद केलं. कारण आजाराचं होतं, पण मला मनातून सुटल्यासारखं झालं.

२०२२ मध्ये धाकटा झाला आणि मी जायचं थांबवलं. ७,५०० रुपये मानधन, त्यात जाण्यायेण्याचं भाडं, दूधपित्या पोराला सोडून दहा तास बाहेर. कुणी आग्रह केला नाही, कुणी अडवलं नाही, गणितच तसं निघालं. पहिले काही महिने छान गेले, खोटं कशाला बोलू. पावसात बस धरायची नाही याचंच सुख इतकं होतं की खिडकीत चहा घेऊन उगाच बाहेर भिजणाऱ्यांकडं बघायची.

आमच्या घराला लागून माग आहेत. यंत्रमागांचा खडखडाट सकाळी सुरू होतो तो रात्री. सवय नसलेल्या पाहुण्यांना झोप येत नाही, आणि आमच्याकडं करंट गेला, माग थांबले की धाकटा दचकून जागा होतो. त्या आवाजात दिवस ढकलायचा. आणि त्या आवाजावर मात करत मी ओरडते. हे मला नवीन होतं. वर्गात तीस-पस्तीस पोरांसमोर माझा आवाज कधी चढला नाही. इथं दोघांसमोर दिवसातून चारदा चढतो. सुरुवातीला वाटलं, माझ्यातच काहीतरी बिघडलं. मग लक्षात आलं की वर्गात शिस्त मी लावतच नव्हते. ती मुलं एकमेकांना लावत होती. एकानं खडू फेकला तर ‘बाई, बघा हा’ म्हणणारी पाच तोंडं तयार. मला नुसती भुवई उचलायची असायची. घरात साक्षीदार नाहीत. धाकट्यानं ताट ढकललं तर ते फक्त मी बघितलेलं असतं, आणि माझ्या भुवईची किंमत त्याच्या लेखी शून्य. शिवाय वर्गातला संयम साडेचारला सुटायचा. बसमध्ये बसलं की कुणी काही विचारणार नाही, खिडकीला डोकं टेकून डोळे मिटायचे. त्या मानधनात माझ्या शांतपणाचेही पैसे होते असं आता वाटतं. घरचा शांतपणा बिनपगारी, म्हणून लवकर संपतो.

धाकटा गल्लीत वाढतोय. मागवाल्यांची पोरं कन्नड बोलणारी, त्यामुळं याला नको असलेल्या गोष्टीला तो ‘बेड’ म्हणतो, भात बेड, आंघोळ बेड, झोप बेड. सासूबाई हसतात. शेजारच्या काकू दारातून ‘ऊटा आयता?’, जेवण झालं का, विचारतात आणि हा ‘आयतू’, झालं, म्हणून खुशाल खोटं सांगतो, कारण मग त्या कुरमुरे देतात.

मोठी इंग्रजी शाळेत आहे. मराठी शाळेतल्या बाईंची मुलगी इंग्रजी शाळेत, हे मला लोकांनी ऐकवून झालेलं आहे. जे ऐकवतात त्यांच्यापैकी बहुतेकांची मुलंही तिथंच आहेत. खानापूर भागात एकेका शाळेचा पट कसा गळत गेला ते मी डोळ्यांनी बघितलंय, आणि दहावीला मराठीला १२५ गुण असतात एवढ्यानं कुणाच्या पोटाची खात्री पटत नाही हेही. घरात यावर वाद झाला, मी हरले, आणि हरताना अर्धी पटलेही होते. पुढचं लिहायला बसले तर हा लेख भलतीकडं जाईल.

तर त्या शाळेत पालकसभेला गेले. आयुष्यात पहिल्यांदा टेबलाच्या या बाजूला. लहान बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले. टीचर तरुण, माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान, दंडावर खडूचा डाग. म्हणाल्या, तुमची मुलगी सगळ्या वर्गाला सांभाळते, कुणी रडलं की ही जाते, बोलते तर इतकी की जागा बदलावी लागली. घरी ही मुलगी भावाला पाणी द्यायचं म्हटलं तरी पाय आपटते. माझ्या तोंडावर आलं होतं, ‘ही माझी नव्हेच, तुमचा काहीतरी घोटाळा झालाय.’ शेजारच्या बाकावरच्या बाईंना त्यांच्या मुलाबद्दल असंच काहीतरी सांगितलं गेलं, त्या सरळ वाद घालायला लागल्या. आमचा मुलगा असा नाहीच. मला त्यांच्याबद्दल फार जवळीक वाटली. त्या टीचरच्या जागी मी असताना अशा आयांना किती सहज ‘बघा हं, घरी वळण लावा’ म्हणून वाटेला लावायची, तेही आठवलं.

परत येताना रिक्षात मी मुलीला विचारलं, कोण रडलं होतं, तू काय केलीस. ती बाहेर बघत म्हणाली, ‘असंच.’ मी पुन्हा विचारलं. ‘असंच की गं आई, सांगितलो नव्हे!’ मला त्या ‘असंच’मध्ये घुसायचं होतं. वर्गात सुपारीएवढीसुद्धा जागा चालली असती. कोपऱ्यातल्या पोत्यावर, खिडकीखाली, कुठंही. आणि त्याच वेळी माझ्यातल्या बाईंना लख्ख माहीत होतं की मी तिथं बसले तर ती मुलगी दिसणारच नाही. रडणाऱ्याजवळ जाणारी, जागा बदलावी लागणारी ती पोर आई नसलेल्या खोलीतच तयार होते. हे कळून राग गेला नाही. टीचरचा राग आला, थोडा मुलीचा. घरी येऊन उगाच कपाट आवरायला काढलं.

सासूबाईंना हे सगळं सांगितलं तर त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, ‘तुझा नवरा शाळेत नाटकात राजा झाला होता म्हणे. मला त्याच्या लग्नात कळलं, त्याच्या मास्तरांकडनं.’ आणि भाकरी तव्यावर टाकली. त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मला वाटलं. तीस वर्षं त्या घरात एक राजा वावरत होता आणि आईला पत्ता नाही. रात्री ह्यांना विचारलं, तर म्हणाले, ‘राजा कुठला, भालदार. दोनच वाक्यं होती.’

मे महिन्यात जुन्या शाळेतल्या सरांचा फोन आला. यंदा एक जागा रिकामी आहे, अतिथी शिक्षकाचे अर्ज मागवलेत, मानधनही वाढलंय, येणार काय बाई? मी म्हटलं, घरी विचारून सांगते. सासूबाईंनी ऐकलं होतं. ‘विचारायचं काय त्यात? बस आता बायकांना फुकट आहे.’ खरंच, मी घरी बसले आणि वर्षभरातच, २०२३ च्या जूनमध्ये, शक्ती योजना आली. माझ्या इतक्या वर्षांच्या तिकिटांचे पैसे कुणीतरी चेष्टा केल्यासारखे डोळ्यांपुढून गेले. मुलीनं विचारलं, मग संध्याकाळी घरी कोण असणार. आजी, म्हटल्यावर ‘बरं’ म्हणाली, जरा फारच लवकर. धाकटा बेड म्हणाला, पण ते तो सगळ्यालाच म्हणतो. सासूबाईंच्या गुडघ्यांना त्याच्यामागं दिवसभर धावणं होणार नाही, हे त्या सोडून सगळ्यांना माहीत आहे.

दोन दिवसांनी मीच सरांना फोन लावला. म्हटलं, आले तर धाकट्याला घेऊन यावं लागेल, निदान पहिले काही महिने. तिकडं जरा वेळ काहीच आवाज नाही. मागून कोंबडा ओरडत होता, म्हणजे सर घरीच होते.

‘किती वर्षांचा?’

‘तीन.’

‘तीन म्हणजे हजेरीत बसणार नाही,’ सर म्हणाले. ‘पण आणा की. पट अठरावर आलाय बाई. साहेब आले तर एक डोकं जास्त दिसेल.’